दाजींचा डावा हात

दाजींनी डावखुरं व्हायचं ठरवलं तेव्हा त्यांचा उजवा हात ठणठणीत होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोकांनी या गोष्टीला अपघात जोडला, एकाने लकवा जोडला, आणि माझ्या एका गिऱ्हाइकाने तर दाजी जन्मापासूनच डावखुरे होते असं मलाच छातीठोकपणे सांगितलं. मी मान डोलावली. फोटो काढताना वाद घातला की माणसाचे डोळे मिटतात.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. त्यांच्या दुकानाच्या पाटीवर ‘केशकर्तनालय’ असं लिहिलेलं होतं, पण तो शब्द पाटीवरून खाली कधी उतरला नाही. सगळे सलूनच म्हणायचे. सलूनला लागून माझा फोटो स्टुडिओ. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे मशीन सुरू झालं की अलीकडे माझ्यासमोर बसलेला माणूस मान खाजवायचा. लोक आधी त्यांच्याकडे डोकं द्यायचे, मग माझ्याकडे चेहरा. कार्डावरचा, अर्जावरचा, लग्नासाठी पाठवायचा, सगळे फोटो असेच निघायचे.

सलून मुळात दाजींच्या वडिलांचं. त्यांना सगळे थोरले म्हणायचे. पन्नाशी उलटल्यावर थोरल्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग कात्री नको तिथे लागायला लागली, आणि एक दिवस वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला लागला. रक्त फारसं आलं नाही. पण तो माणूस उठताना आरशात बघायचं सोडून थोरल्यांच्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून थोरले घरी बसले. घरात खिडकीपाशी उंच पाठीची एक लाकडी खुर्ची होती. तिच्यात दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांची डोकी बघायचे. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. त्यांच्या वडिलांचा हातही असाच गेला होता म्हणे.

थोरले गेल्यावर काही दिवसांनी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दाजी चाळिशीला टेकले होते.

“मी डावखुरा होणार आहे,” दाजी म्हणाले.

“अजून भात वाढू?” ताईने विचारलं.

“पंधराएक वर्षं आहेत हातात.”

“कुठल्या हातात?” मी म्हणालो.

दाजींनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांना ती सवय होती. “उजवा हात माझा नाही,” ते म्हणाले. “तो घराण्याचा आहे. त्याला जायचं तेव्हा तो जाईल. डावा मी घडवला तर तो माझा.”

“आणि डावाही थरथरला तर?”

“थोरल्यांचा डावा शेवटपर्यंत स्थिर होता. मी रोज बघत होतो ना. त्या हाताला काही येत नव्हतं, एवढंच.”

मी ताटात लक्ष घातलं.

एक सांगतो, आयुष्याची योजना आखणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आहे. पुढच्या पाच वर्षांत मी कुठे असेन, असं कुणी बोलायला लागलं की मला जांभई येते. यात थोडा हेवाही आहे, नाही असं नाही. मी पोहायला शिकणार होतो, ते घोटाभर पाण्यात राहिलं. माउथ ऑर्गन घेतला, त्यात आता झुरळं राहतात. एक परकी भाषा शिकायला लागलो होतो. तिच्यात मला अजूनही स्टेशन कुठे आहे ते विचारता येतं, पण उत्तर कळत नाही. त्यामुळे दाजींचं हे खूळ फार तर महिनाभर टिकेल असा माझा अंदाज होता.

ते खूळ नव्हतं. दाजींनी सगळं टप्प्याटप्प्याने ठरवलं होतं. पहिली काही वर्षं फक्त घरातली कामं. दात घासणं, जेवणं, शर्टाची बटणं, कुलूप. ताईने त्या काळात टेबलावर रोज जुनं वर्तमानपत्र पसरलं, कारण आमटी कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. मग लिहिणं. त्यांची डाव्या हाताची पहिली सही बघून बँकेतल्या बाईंनी विचारलं, घरात लहान मूल आहे का. मग कंगवा. मग कात्री. डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती फाकतात आणि केस कापला न जाता मध्येच दुमडतो. दाजींनी खास कात्री मागवली. ती आली तेव्हा त्यांनी ती आठवडाभर नुसती खिशात बाळगली. हाताला तिचं वजन कळू दे, म्हणाले.

शिकवायला कुणी नव्हतं. गावात डावखुरा कारागीर शोधून सापडला नाही. मग दाजींनी स्वतःच तोड काढली. दुपारी सलून बंद असायचं, तेव्हा ते शटर अर्धं ओढून आरशासमोर उभे राहायचे. पुढ्यात प्लास्टिकचं एक डोकं, त्यावर केसांचा टोप. त्या डोक्याला आम्ही ‘साहेब’ म्हणायचो, कारण ते कधीच कशावर समाधानी दिसायचं नाही. दाजी आधी उजव्या हाताने कापायचे आणि आरशात बघायचे. आरशातला माणूस तेच काम डाव्या हाताने करत असायचा. कोपर किती उचलतो, मनगट कुठे वळवतो, कुठल्या कानापासून सुरुवात करतो, सगळं नीट बघायचं आणि मग कात्री डाव्या हातात घेऊन त्याच्यासारखं करायचं.

“एवढा चांगला डावखुरा कारागीर समोर उभा आहे,” दाजी म्हणायचे, “आणि फीसुद्धा मागत नाही.”

मला ते फारच हुशारीचं वाटलं होतं. ताईलासुद्धा वाटलं होतं, आणि ताईला नवऱ्याचं सहसा काही हुशारीचं वाटत नाही.

अशी वर्षं गेली. साहेबांचे टोप झिजले, नवे आले. दाजींनी फुग्यांना साबण फासून त्यांच्यावर डाव्या हाताने वस्तरा फिरवला. सुरुवातीला भिंतीपलीकडून फटाफट आवाज यायचे, मग कधीतरी, मग यायचेच बंद झाले. माझे कल्ले पांढरे झाले. कॅमेऱ्यातली फिल्म गेली, काँप्युटर आला, एवढाच माझ्यात झालेला बदल, आणि तोही कंपनीने केलेला.

दाजींनी पन्नाशी ओलांडली आणि बशीत चहा सांडला. मी समोरच होतो. ताईने फडकं आणलं. दाजी बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. वेळेवर आलेल्या गाडीकडे बघावं तसे. मग त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि उरलेला चहा एक थेंब न सांडता प्यायले. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी बिस्किट खाल्लं.

पुढच्या मंगळवारपासून कात्री डाव्या हातात गेली. गिऱ्हाइकांना मोठी गंमत वाटली. “हा तर तुमच्या डाव्या हातचा मळ,” असं जो तो म्हणायचा आणि आपणच पहिल्यांदा म्हटलं असं समजून हसायचा. हात सफाईने चालत होता. कुठे कच्चं काम नाही, कुठे कापणं-बिपणं नाही. वस्तरा फुग्यावर फिरायचा तसाच गळ्यावर फिरायचा. मीसुद्धा डोकं दिलं, आणि खुर्चीत मला एकदाही भीती वाटली नाही.

पण महिन्या-दोन महिन्यांत कुरबुर सुरू झाली. केस बसत नाहीत, लोक म्हणायला लागले. सलूनमध्ये छान दिसतात, पण घरी जाईपर्यंत उठतात. एका बाजूला पोकळ वाटतं, दुसऱ्या बाजूला टोपली ठेवल्यासारखं. नक्की काय चुकलंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. गल्लीच्या टोकाला काचेच्या दाराचं नवं सलून निघालं होतं. माणसं दाजींच्या दुकानासमोरून जाताना मोबाईलवर बोलल्यासारखं करून तिकडे जायला लागली.

दाजींनी कसून शोध घेतला. साहेबांचं डोकं पुन्हा पुन्हा कापून बघितलं. त्यांना चूक दिसेना. साहेबांच्या डोक्यावर सगळं जिथल्या तिथे होतं.

शेवटी एक दिवस पलीकडे शटर उघडलंच नाही. दाजींच्या घरी गेलो तर ताई दारातच उभी होती.

“बघ जरा,” ती हळू आवाजात म्हणाली. “सकाळपासून तसेच आहेत.”

दाजी खिडकीपाशी बसले होते, थोरल्यांच्या खुर्चीत. दोन्ही हात मांड्यांखाली.

“हाताला येत नाही रे,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “इतकी वर्षं घातली, पण नाही येत त्याला. थोरले शहाणे होते. त्यांनी नाद केला नाही.”

ताई स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. मी थोडा वेळ दाजींबरोबर डोकी बघितली. मग स्टुडिओत परत आलो.

त्याच आठवड्यात दवाखान्यातला कंपाउंडर कार्डासाठी फोटो काढायला आला. दाजींनी शेवटी शेवटी ज्यांचे केस कापले, त्यांत तोही होता. मी लाइट लावले, तो बसला, केस उठले. त्याने पाणी लावलं, भांग पाडला, बसला. केस परत उठले. असं तीन-चारदा झालं. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी तापट माणूस आहे. “आणा इकडे,” म्हणत मी त्याच्या हातातला कंगवा घेतला आणि ते बंडखोर केस वैतागून उलट्या बाजूला ढकलले.

केस बसले.

साधे बसले नाहीत, मुद्दाम त्या बाजूसाठीच कापल्यासारखे बसले. वरचे लांब केस ओळीने आडवे झाले, बाजूचे आखूड भांगाखाली नीट आले. टोपली गेली, पोकळी गेली. कंपाउंडरने आरशात बघितलं आणि म्हणाला, “छे, हा मी नाही.” हे वाक्य मी माझ्या धंद्यात रोज ऐकतो. फोटो हातात पडला की माणसं हेच म्हणतात, आणि मी त्यांना समजावतो की तुम्ही जन्मभर आरशातला माणूस बघत आलात, तो उलटा असतो, जगाला दिसता ते तुम्ही हे असे. इतकी वर्षं मी हे भाषण देत होतो. आणि शेजारी, भिंतीपलीकडे, दाजी त्या उलट्या माणसाकडून धंदा शिकत होते.

कंपाउंडरला त्याच्या नेहमीच्या भांगानिशी, उठलेल्या केसांनिशी फोटो काढून वाटेला लावलं. मग दार लावून आरशासमोर उभा राहिलो आणि माझा भांग उलट्या बाजूला पाडला. माझंही डोकं दाजींच्या डाव्या हाताने कापलेलं होतं. केस लोण्यासारखे बसले.

आता सगळं लक्षात आलं. बहुतेक पुरुषांचा भांग डावीकडे असतो. दाजींचा उजवा हात त्या हिशोबाने कापायचा. आरशातला माणूस मात्र त्याच्या गिऱ्हाइकाचा भांग उजवीकडे धरून कापत होता, आणि दाजींचा डावा हात प्रामाणिकपणे तेच शिकला होता. डोळ्यालाही तीच सवय लागलेली. साहेबांचा भांगही ते उजवीकडेच पाडायचे, म्हणून त्यांच्या डोक्यावर चूक दिसत नव्हती. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर तरी दिसायला हवी होती, पण तिथे थोरल्यांची रीत आडवी आली. त्या सलूनमध्ये शेवटी कंगवा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची पद्धत होती. डोकं आपल्याकडे उसनं आलेलं असतं, परत करताना मालकाने आपला भांग आपण पाडावा, असं थोरले म्हणायचे. मालक इमानदारीत आपला जुना भांग पाडायचा, आणि उजव्या भांगाचे केस डाव्या भांगाखाली दिवसभर झगडत राहायचे.

मी स्टुडिओला कुलूप लावलं आणि कंगवा हातात घेऊनच घरी गेलो. ताई मला बघून क्षणभर थबकली.

“काय केलंस?” ती म्हणाली. “वेगळाच दिसतोयस. बरा दिसतोयस, खरं म्हणजे. तरुण.”

पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला हे बऱ्याच वर्षांत कुणी म्हटलेलं नसतं. मला बरं वाटलं. पण आधी खिडकीपाशी गेलो.

दाजींपुढे डोकं वाकवलं. “हात लावून बघा,” म्हणालो.

“कशाला?”

“बघा तर.”

त्यांनी मांडीखालून डावा हात काढला. बोटं माझ्या केसांतून कपाळाकडून मागे गेली, भांगाशी थांबली, भोवऱ्यापर्यंत जाऊन परत आली. मग मी जुन्या बाजूला भांग पाडला. केस उठले. पुन्हा बोटं फिरली. मी एक शब्द बोललो नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

दाजींनी हात मागे घेतला. मग ते म्हणाले, “कापलंय चांगलं.”

“अप्रतिम कापलंय.”

“चुकीच्या बाजूला.”

“चुकीच्या बाजूला,” मी म्हणालो.

ताई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली होती. तिला मी सगळं समजावून सांगितलं. तिने डोळे पुसले आणि मग तिला हसू आवरेना. दाजी हसले नाहीत.

“मग सोपं आहे की,” ताई म्हणाली. “गिऱ्हाइकांना सांगा भांग बदला म्हणून.”

“माणूस नोकरी बदलेल, गाव बदलेल,” दाजी म्हणाले, “भांग नाही बदलणार. चाळीस वर्षं ज्याच्याकडे बघितलं, तो आरशातून जायला नको असतो त्याला.”

“मग तुम्ही बाजू बदलून कापा.”

“डोक्याला कळेल ते. हाताला नाही कळणार. तो चालू पडला की आपल्याच वाटेने जातो.” त्यांनी डावा हात पालथा-उलथा करून बघितला. “पहिल्यापासून शिकवावा लागेल. पाच-सहा वर्षं तरी.”

दाजींना साठीच्या घरात नेणारा आकडा होता तो. इतकी वर्षं एका योजनेत घालवलेल्या माणसाने खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, आता हात परत मांडीखाली जाणार. तसं झालं असतं तर मी त्यांना काय म्हणणार होतो? माझ्याकडे सांगण्यासारखा एकही अनुभव नव्हता. मी सहा दिवससुद्धा कशाला चिकटलेलो नाही.

दाजी उठले.

“आरसा नको,” ते म्हणाले. “या वेळी आरशाकडे पाठ.”

“सलूनची खुर्ची जमिनीत पक्की केलेली आहे,” मी म्हणालो. “ती वळत नाही.”

“माहीत आहे.” ते मागे वळले, आणि आत्ता ज्या खुर्चीतून उठले होते तिचा एक हात त्यांनी पकडला. “धर तिकडून.”

थोरल्यांची खुर्ची दिसते त्यापेक्षा जड आहे. दारातून काढताना दाजींच्या उजव्या हातामुळे तिचा पाय चौकटीवर टकटक वाजत होता. ते थांबले नाहीत. आम्ही ती भर रस्त्यातून सलूनपर्यंत नेली. नव्या सलूनमधून काचेआडून दोघं-तिघं बघत होते, एकाच्या तर तोंडाला साबण होता. दाजींनी शटर वर केलं, खुर्ची मधोमध ठेवली, आरशाकडे तिची पाठ. साहेब कोपऱ्यात तोंड पाडून उभे होते. दाजींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“साहेबांनी आपलं वाटोळं केलं,” ते म्हणाले. “आता जिवंत डोकं पाहिजे. बस.”

मी बसलो. त्या खुर्चीत कुणीतरी बसणं भागच होतं. दाजींनी कापड झटकून माझ्या गळ्याभोवती बांधलं आणि नव्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “भांग कुठल्या बाजूला?”

आता हे सांगायलाच हवं, की मला तो नवा भांग ठेवायचा होता. अर्ध्या तासाचा होता, पण माझ्या आयुष्यात मी स्वतःहून केलेला आणि कुणाला तरी आवडलेला तो एकमेव बदल होता. उजव्या भांगाचं डोकं दाजींना शिकायला काही कामाचं नव्हतं. ते त्यांना येतच होतं.

“डावीकडे,” मी म्हणालो. “नेहमीसारखा.”

कात्री सुरू झाली. हात मध्येच थांबायचा, चुकीच्या कानाकडे निघायचा, दाजी त्याला परत आणायचे. समोर आरसा नव्हता. समोर रस्ता होता, आणि रस्त्यावरून माणसं जात होती. थोरल्यांसारखा मीही त्यांची डोकी बघत बसलो. शेवटी दाजींनी कंगवा माझ्या हातात दिला. मी चाचपडत भांग पाडला.

“बसले?” मी विचारलं.

दाजी समोर आले, मान तिरकी करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. “नाही,” ते म्हणाले. एवढ्या महिन्यांत मी त्यांना असं खूश बघितलं नव्हतं.

“सहा वर्षांत मी टकला होईन, दाजी.”

“मग जरा लवकर शिकायला हवं,” ते म्हणाले आणि जमिनीवरचे केस झाडायला लागले, डाव्या हाताने.

संध्याकाळी त्यांना सोडायला मी घरापर्यंत गेलो. खिडकीपाशी जिथे खुर्ची असायची, तिथे ताईने इस्त्रीचं टेबल आणून ठेवलं होतं. त्याच्यावर कपड्यांचा ढीग होता आणि टेबलाखाली धान्याचा डबा सरकवलेला होता. दाजी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. ताई शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती, तिने मान वर केली नाही.

“खुर्ची परत आणू नका,” ती म्हणाली. “आता जागा नाही.”